एका हातानं खायचं काहीतरी

"एकदम सोपं आहे, बाबा," असं लेक फोनवर म्हणाली, आणि बाइंडरनी घाबरून कागद-पेन्सिल पुढ्यात ओढली.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारे, हे सांगायला नकोच. गल्लीत त्यांना खरं नाव कोणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. कापायचं यंत्र, लोखंडी प्रेस, पुठ्ठ्यांची चळत आणि चिकटवायच्या खळीचं पातेलं. चाळीस वर्षं या माणसानं फाटकं ते नीट केलं होतं. कॉलेजची पोरं आपले प्रबंध घेऊन शेवटच्या दिवशी धापा टाकत यायची, तेव्हा बाइंडर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत आणि म्हणत, "सहा महिने झोपला होतास का?" आणि मग संध्याकाळपर्यंत सोनेरी अक्षरांसकट बांधून देत. कामात माणूस एक नंबर. पण "सोपं" हा शब्द ऐकला की बिथरायचा. लेकीनं सोपं म्हणून शिकवलेला मोबाइल अजून उलटा धरून बोलायचे ते. त्यातून स्वयंपाकघर! चहा सोडला तर त्या खोलीशी त्यांचा संबंध जेवायला बसण्यापुरता.

पण आता गळ्याशी आलं होतं. बायको जेवत नव्हती.

या बाईंना अख्खं गाव ब्रेकताई म्हणायचं. सव्वीस वर्षं गाडी शिकवत होत्या. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, आणि तो वेळेवर दाबण्यात या बाईंचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नव्हतं. किती नवशिके आले, किती जणांनी खांबाच्या दिशेनं गाडी सोडली, पण सव्वीस वर्षांत बाईंना साधं खरचटलं नाही. आणि परवा परवा घरातल्या स्टुलावरून पडल्या. दीड फुटांचं स्टूल! वरच्या फळीवरचा डबा काढायला चढल्या आणि उतरताना पायरी समजून हवेत पाय टाकला. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

दुखणं त्यांनी दातावर दात धरून सोसलं. अडलं ते जेवणापाशी. डाव्या हाताला चमच्याची सवय नाही. सूप घेतलं की अर्धं छातीवर, भाजी घेतली की मांडीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट सारलं आणि म्हणाल्या, "भूक नाही." तिसऱ्या दिवशी बाइंडर चमचा भरून त्यांच्या तोंडाशी घेऊन गेले. बाईंनी तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली आणि म्हणाल्या, "मला भरवायचं नाही. पुन्हा चमचा पुढे केलात तर बघा."

बाइंडरना यामागचं कारण ठाऊक होतं. त्यांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, हातपाय हलत नव्हते. सकाळ-संध्याकाळ तिला भरवलं ते या सुनेनंच. त्या दिवसांपासून बाई एकच म्हणायच्या, "माझ्यावर ही वेळ यायला नको. दुसऱ्याच्या हातानं खायची वेळ." त्यामुळे बाइंडर चमचा घेऊन मुकाट मागे फिरले.

मग बाई बिस्किटांवर आल्या. चहात बुडवायचं, तोंडात टाकायचं, एका हाताचं काम. अठरा दिवस बिस्किटं! डाव्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हाड काय हवेवर जुळणार आहे का? पोटात कस असलेलं अन्न जाऊ दे. पुढच्या सोमवारी पुन्हा वजन बघतो, आणि हे असंच राहिलं तर हात वेळेत जुळेल याची खात्री मी देणार नाही." शिकणाऱ्याच्या डावीकडे बसणाऱ्या बाईचा गिअरचा हात! बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणून त्यांनी लेकीला फोन लावला होता. लेक दूरच्या शहरात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिकन सॅलडचा रोल कर. आईला चिकन आवडतं. डाव्या हातात धरेल आणि खाईल. चमचा नको, काही नको. एकदम सोपं आहे, बाबा."

"कसं करायचं ते सांग. माप सांग."

"माप कसलं? चिकन उकडायचं, हातानं तोडून बारीक करायचं. काकडी, कांदा बारीक चिरून. चक्का घाल, लिंबू पीळ, मिरपूड टाक. मोठी पातळ पोळी बाजारात पाकिटात मिळते, ती तव्यावर जरा गरम कर. सॅलडचं पान ठेव, वर हे मिश्रण, आणि गुंडाळ. झालं!"

"चक्का किती?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती?"

"बाबा, अंदाज म्हणजे अंदाज!" लेक वैतागली. बाइंडरनी कागदावर लिहून घेतलं: चक्का, अंदाज. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी दुकान बंद. दुपारी बाई मधल्या खोलीत आरामखुर्चीत पडल्या होत्या. बाइंडरनी दुकानातला एप्रन चढवला, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि कामाला लागले. बायकोला काही सांगितलं नाही. जमलं नाही तर फजिती घरभर व्हायला नको, हा हिशेब. पण ब्रेकताईंच्या कानांपासून काही लपतं होय? काडी ओढल्याचा आवाज आला तशी बाहेरून हाक आली, "गॅस बारीक ठेवा!"

"ठेवलाय!"

"ठेवला असता तर भांडं असं वाजलं नसतं!"

बाइंडरनी गॅस बारीक केला. त्यांना बाहेर न बघताही ठाऊक होतं की बाईंचा उजवा पाय आत्ता फरशीवर दाबला गेलाय. काळजी वाटली की बाई जागच्या जागी ब्रेक दाबत. लेकीच्या लग्नात ती हार घालताना पुढे वाकली, तेव्हासुद्धा दाबला होता.

चिकन उकडलं. ते तोडण्याचं काम बाइंडरना फार आवडलं. जुन्या पुस्तकाची शिवण उसवताना एकेक धागा अलगद ओढायचा, तसं त्यांनी एकेक रेषा सोडवली. अर्धा तास लागला, पण इतकं एकसारखं चिकन कोणी तोडलं नसेल. काकडी पोलादी पट्टी लावून चिरली, तीन-तीन मिलिमीटर. चक्क्याच्या अंदाजापाशी मात्र हात थांबला. शेवटी त्यांनी खळीच्या बेतानं घातला, बोटावर घेतला तर ओघळू नये आणि सुटूही नये इतका. चव बघितली. बरी होती. मीठ घालायचं लेक बोलली नव्हती, म्हणून कागदावर नव्हतं, म्हणून मिठाचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पोळी हातात घेतल्यावर त्यांनी ती आधी उभी वाकवून बघितली, मग आडवी. कागदाला एक रेष असते, त्या रेषेनं तो सरळ दुमडतो, आडवा दुमडला की मोडतो. पोळीला रेष सापडेना. दोनदा उलटीपालटी केली, उजेडासमोर धरली. शेवटी "तुला रेषच नाही, काय करायचं तुझं," असं पोळीला म्हणाले आणि गुंडाळून मोकळे झाले.

आणि मग त्यांनी ते केलं. अहो, दुसऱ्या कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं! चाळीस वर्षांची सवय अशी की बांधलेलं काहीही दाबाखाली गेल्याशिवाय पुरं झालं असं त्यांना वाटतच नसे. रोल घेतला, कोऱ्या कागदात ठेवला, मागच्या दारानं दुकानात गेले, प्रेसमध्ये घातला आणि चाक फिरवलं. एक फेरा. दीड फेरा. काकडी एका बाजूनं सुटली आणि चिकन दुसऱ्या. चक्का पिचकारी मारून एका प्राध्यापकांच्या नव्या कोऱ्या प्रबंधावर उडाला.

"काय झालं?" बाहेरून आवाज.

"काही नाही!"

"मग चाक कशाला फिरवलंत? रविवारी?"

बाइंडरनी घाईघाईनं चाक उलटं फिरवलं. प्रबंध पुसला, प्रेस पुसली, स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि पुन्हा ओट्यापाशी आले.

दुसरा रोल नुसता गुंडाळला. दिसायला फक्कड! दोन्ही हातांत धरून त्यांनी टोकाचा एक घास घेतला. उत्तम. बाहेर नेणार तोच दारात थबकले. मी दोन हातांनी धरला. तिला एकच आहे, आणि तोही डावा.

चांगल्या कारागिराची हीच तर खोड. गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी गिऱ्हाइकासारखं वापरून बघणार. उजवा हात खिशात घालून त्यांनी डाव्या हातानं खायला सुरुवात केली, पण ओला चक्का खाली निसटायला लागला की उजवा हात खिशातून उडी मारून मदतीला धावायचा. तीनदा धावला. चौथ्यांदा बाइंडर चिडले. दुकानातून सुती फीत आणली, कमरेला बांधली, आणि तिच्या टोकाला एक सरकगाठ मारली. पुस्तकांचे गठ्ठे बांधायची ही त्यांची खास गाठ. ओढली की घट्ट होते, आणखी ओढली की आणखी घट्ट. उजवं मनगट पाठीमागे नेऊन फासात घातलं आणि ओढलं. "आता धाव बघू," ते हाताला म्हणाले.

मग डाव्या हातानं रोल उचलला. पहिला घास ठीक. दुसरा घास घेतला तर खालचं तोंड उघडं, तिथून सगळं चिकन भदकन त्यांच्या पायावर. बाइंडर पायाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, पुठ्ठ्यावर कापड चढवताना आपण काय करतो? आधी खालची कड आत घेतो! मग बाजू! उघडं तोंड ठेवून कधी पुस्तक बांधलंय का आपण? आणि शेवटची कड चिकटवायला हवी. मैदा घरात आहे, पाणी आहे, खळ झालीच. आज किडीसाठी खळीत मोरचूद घालायला नको, कीड लागेपर्यंत हे टिकणार नाही.

आनंदाच्या भरात ते उजवा हात सोडवायला गेले. गाठ आणखी आवळली. डाव्या हातानं मागे चाचपलं. बोटं पोचेनात. कात्री घेतली तर ती उजव्या हाताची, डाव्या हातात फीत नुसती दुमडत होती. ही गाठ सोडायला दोन हात लागतात, हे चाळीस वर्षं शिकाऊ मुलांना बजावून सांगणारे तेच. त्यांनी कपाळाला हात लावला, तोही डावाच.

पण हटले नाहीत. एका हातानं वाटीत खळ कालवली. एका हातानं नवी पोळी तव्यावर टाकली. ती उलटताना उलथनं हातातून सुटलं, ताटावर आपटलं, ताट मोरीत गेलं, आणि घर दणाणलं.

दार उघडलं. दारात ब्रेकताई, हात गळ्यात अडकवलेला. समोर त्यांचा नवरा, हात पाठीला बांधलेला. गालावर चक्का, पायावर चिकन, बोटांना खळ.

"तुम्हाला कोणी बांधलं?" बाई किंचाळल्या. त्यांना वाटलं घरात चोर शिरला.

"मीच."

"का?"

आता काय सांगायचं? बाइंडर खोटं बोलायला गेले की त्यांचे कान लाल व्हायचे. "तुला एका हातानं खाता येतं का ते बघत होतो," ते म्हणाले. "म्हणजे, मला येतं का. तुझ्यासारखं."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. फरशीवरच्या चिकनकडे बघितलं. कागदावर दोन रेघा मारलेल्या अंदाजाकडे बघितलं. आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. साधंसुधं नाही, ओट्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "सोडवा ना मग तो हात!"

"सुटत नाही."

"म्हणजे?"

"सरकगाठ आहे. दोन हात लागतात. घरात आत्ता दोन आहेत, पण दोन्ही डावे."

हे ऐकून बाई खाली बसल्या. हसण्यानं प्लास्टर दुखायला लागलं तरी थांबेनात. हसता हसता त्यांनी वास घेतला. तव्यावर पोळी खरपूस झाली होती, वाडग्यात चिकन, लिंबू, मिरपूड. "वास बरा येतोय," त्या म्हणाल्या, आणि बाइंडरना आपल्या छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं वाटलं.

"तू पोळी धर," ते घाईनं म्हणाले, "मी दुमडतो."

बाईंनी खुर्ची ओढली. डाव्या हाताचा तळवा पोळीच्या कडेवर ठेवला. बाइंडरनी पान मांडलं, मिश्रण ठेवलं. बाईंच्या अंगात लगेच शिकवणारीण संचारली. "सावकाश. मध्यभागी. डावीकडे जाताय तुम्ही, समोर बघा. इतकं भरू नका, वळणावर सांडेल. हं, आता दुमडा. थांबा! मी बोट काढते मग."

"चाळीस वर्षं दुमडतोय मी."

"कागद. चिकन नाही."

खालची कड आत गेली, मग बाजू. बाइंडरनी खळीचं बोट शेवटच्या कडेवरून फिरवलं, तव्यावर ती बाजू टेकवली, आणि कड अशी चिकटली की सुरीनंही सुटली नसती. रोल थोडा वाकडा होता. बाइंडरना तो प्रेसमध्ये घालायची पुन्हा एकदा इच्छा झाली, पण ती त्यांनी आवरली.

बाईंनी तो डाव्या हातात घेतला. एक घास. चावला. दुसरा घास. काही सांडलं नाही. तिसरा, चौथा. बाइंडर त्यांच्या पदराकडे बघत होते. थेंब नाही, काकडीचा तुकडा नाही. बाईंनी तो अख्खा संपवला, टोकाच्या दुमडीसकट, आणि बोटं चाटली. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणखी एक करू या."

दुसरा भरभर झाला. पण तो हातात घेतल्यावर बाई थांबल्या. "तुम्ही जेवलात?"

"पायानं जेवलो."

"खा मग."

"माझा हात बघ." त्यांचा डावा हात कोपरापर्यंत खळीनं माखला होता. बाईंनी रोलचा एक घास तोडला, डाव्या हातानं, जरा चाचरतच, आणि त्यांच्या तोंडात घातला. बाइंडरनी डोळे मिटून घेतले आणि सावकाश चावायला लागले.

बाईंचा चेहरा उतरला. "डोळे का मिटलेत?"

"अं?"

"तुमच्या आई पण असेच मिटायच्या. मी घास दिला की डोळे बंद. माझ्याकडे बघायच्याच नाहीत. दोन वर्षं. मला रोज वाटायचं, या बाईला किती लाजिरवाणं होत असेल. सुनेच्या हातून लहान पोरासारखं खायचं. मला ते बघवायचं नाही, पण करणार काय?" त्यांनी उरलेला रोल ताटलीत ठेवला. "म्हणून मला नको असतं कुणी भरवलेलं."

बाइंडर चावायचे थांबले. "लाज?" ते म्हणाले. "अगं, ती आवडीचं काही खाताना नेहमीच डोळे मिटायची. तरुणपणापासून. मीही मिटतो. इतकी वर्षं समोर बसून जेवतेस, तुझं लक्ष कुठे असतं?"

"ताटात कमी काय पडलं तिकडे," बाई म्हणाल्या.

"आणि ऐक. दुपारचं मी भरवायचो ना तिला? तासभर चमचा घेऊन बसायचो. तोंड उघडायची नाही. दाराकडे बघत राहायची. संध्याकाळी तुझ्या गाडीचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला, की तोंड उघडून बसायची. तू अजून दारातसुद्धा पोचलेली नसायचीस! कितीदा मी म्हणायचो, आई, ती आत येईपर्यंत माशी जाईल तोंडात, मीट. मिटायची नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, आणि या वेळी ते हसण्याचं नव्हतं. "हे मला कधी का नाही सांगितलंत?"

"मला वाईट वाटायचं. सख्खा मुलगा मी, आणि माझ्या हातचं खायची नाही. असं काय कोणी सांगत सुटतं का?"

नळ ठिबकत होता. मग बाइंडर उठले, नळाखाली डावा हात धरला, एप्रनला घासून घासून पुसला आणि परत येऊन बसले. ताटलीतल्या रोलचा त्यांनी एक घास तोडला. बेतशीर, दोन बोटांत मावेल एवढा. तो उचलला आणि बाईंच्या तोंडाच्या दिशेनं नेला, आणि वाटेतच थांबले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"तुझा ब्रेक."

बाईंनी खाली बघितलं. उजवा पाय फरशीवर रेटून दाबलेला होता, चपलेतला अंगठा पांढरा पडेपर्यंत. त्यांनी तो उचलला, खुर्चीखाली नेला, डाव्या पायाच्या मागे अडकवून ठेवला. मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बाइंडरनी घास भरवला. काकडीचा एक तुकडा पदरावर पडला, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. सावकाश चावून त्यांनी तो गिळला.

"मीठ नाही यात," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "द्या पुढचा."